कोकण पुढच्या गावापासून

कोकण कुठून सुरू होतं, असं बेळगावात कुणालाही विचारा. हात पश्चिमेकडं जातो आणि उत्तर येतं, "जांबोटी सोडली की कोकणच की." जांबोटीत उतरून चहा पिता पिता हाच प्रश्न टाकलात, तर हॉटेलवाला मान हलवतो. "हे कुठलं कोकण? कणकुंबीच्या पुढं बघा." कणकुंबीला माऊलीच्या देवळाबाहेर टेकलेली म्हातारी माणसं सांगतात, "चोर्ला उतरा, मग कोकण." घाट उतरून केरी, साखळीपर्यंत गेलात आणि तिथल्या माणसाला म्हणालात की आलो बुवा एकदाचे कोकणात, तर तो दुरुस्ती करतो, "कोकण वर सिंधुदुर्गात. हा गोवा."

म्हणजे बेळगावपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत कोकण कुणीच आपल्या अंगणात घेतलं नाही. प्रत्येकानं ते पुढच्या गावावर ढकललं.

पूर्वेलाही हाच प्रकार. कोरडा मुलूख कुठला, तर बेळगावकर म्हणणार, "बागेवाडी, संपगाव ओलांडलं की झालं सुरू." बैलहोंगलच्या माणसाला हे मुळीच मान्य नसतं. त्याच्या मते दुष्काळी मुलूख सौंदत्तीच्याही पलीकडं, रामदुर्गाच्या अंगाला. त्याला आपला तालुका बरा पाऊसपाण्याचा वाटतो, आणि आम्ही खानापूरवाले म्हणजे सगळे मलनाडातले, जंगलातले. खानापूर गावातला माणूस तर 'जंगल भाग' म्हणून जांबोटीकडं बोट दाखवतो. मी जांबोटीकडचा. आमच्या गावात जंगल भाग म्हणजे भीमगडाकडची गावं. आणि घाटाखाली उतरल्यावर आम्ही सगळे, खानापूर काय नि रामदुर्ग काय, एकजात घाटी.

सीमाभागातल्या माणसानं प्रदेशांच्या हद्दींवर लिहायला घेतलं की वाचणारा सावध होतो. आता महाजन आयोग येणार, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं येणार. येऊ द्या, एका परिच्छेदात उरकतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तो चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्याकडं राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १९६७ च्या महाजन अहवालानं निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव आहे तिथंच ठेवलं. महाराष्ट्राला ते पटलं नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या पिढीला हे पाढ्यांसारखं पाठ आहे आणि दर एक नोव्हेंबरला त्याची उजळणीही होते. त्या वादात मी कुठल्या बाजूचा, हे माझ्या आडनावावरून कुणीही सांगेल. इथं तो विषय नाही.

त्या रेषेचं एवढं मात्र मान्य करायला हवं की ती दिसते. वेंगुर्ला रस्त्यावर बाची संपते आणि शिनोळी लागते, तिथं पाट्यांची लिपी बदलते, एसटी बदलते, पेट्रोलचा दर बदलतो. कुठल्या बाजूला टाकी भरायची, हे या रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीवाल्याला ठाऊक असतं. माती मात्र बदलत नाही. बाचीच्या रानात तीच तांबडी माती, शिनोळीच्या रानातही तीच. दोन्हीकडं भात, दोन्हीकडं रताळी, आणि काढणी झाली की दोन्हीकडच्या रताळ्यांची पोती बेळगावच्याच मार्केट यार्डात. १९५६ साली ज्यांनी चंदगड वेगळा काढला त्यांनी भाषा बघितली. जमीन बघितली असती तर चंदगड, खानापूरचा पश्चिम भाग आणि बेळगावच्या पश्चिमेची गावं एका दाव्याला बांधावी लागली असती, आणि बैलहोंगल, सौंदत्ती भलतीकडंच गेली असती.

मग जमिनीनं बघायचं म्हटलं तर काय दिसतं?

कणकुंबीहून बेळगावमार्गे बैलहोंगल हा सगळा मिळून शंभरेक किलोमीटरचा रस्ता. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचतो. तेवढ्यात पावसाचे तीन हिशेब मागं पडतात. कणकुंबीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास. बैलहोंगलला त्याच्या निम्मा. अजून ईशान्येला अथणी गाठलीत, तर सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. एकाच जिल्ह्यातली ही गावं. एकाच जिल्हाधिकाऱ्याला एकाच आठवड्यात एका टोकाला वाहून गेलेला साकव आणि दुसऱ्या टोकाला टँकर बघावा लागतो.

आकडे नको असतील तर बसच्या खिडकीतून छपरं बघत जावं. कणकुंबी, जांबोटीत घरांची पाखी इतकी खाली उतरलेली असतात की पडवीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं. वर कौलं. खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना नावाजलेली, त्यामुळं कौल इथं परकं वाटत नाही. बेळगाव ओलांडलं की पाखी हळूहळू वर सरकायला लागतात, उतार कमी होतो. बैलहोंगलच्या पुढं जुन्या घरांवर उतारच राहत नाही, माळवद. वर मातीचा थर, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, आणि उन्हाळ्यात अंथरुणं. सिमेंटच्या स्लॅबांनी ही खूण आता पुसत आणली आहे, तरी जुन्या गल्ल्यांतून ती अजून सापडते.

दुसरी खूण गोठ्यात. बैलापुढं पिंजर आहे का कडबा? पिंजर असेल तर घरात भात पिकतो, कडबा असेल तर जोंधळा. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारात बासमती पिकायचा. त्याच्या वासावरून कुठल्या घरात पाहुणे आलेत ते गल्लीला कळायचं, असं जुनी माणसं सांगतात. आता त्या शिवारात प्लॉट पडलेत. पण त्याच येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून बघा. पश्चिमेला हिरवं-काळं, एकावर एक चढलेलं. पूर्वेला सपाट आणि मोकळं, नजरेला अडवायला काही नाही. कोण कुठं संपतं ते गडावरून दाखवता येत नाही. मी पाहुण्यांना दाखवायचा प्रयत्न करतो, आणि हात मध्येच कुठंतरी घुटमळतो.

भातातही दोन जाती आहेत म्हणा ना. जांबोटीच्या वर चिखल करून रोप लावतात. बेळगाव आणि खानापूरच्या खालच्या अंगाला मे सरता सरता, रान कोरडं असतानाच कुरीनं भात पेरून टाकतात, धूळवाफ पेरणी. मग पाऊस यायची वाट बघायची. पीक एकच, पण एक शेतकरी पावसावर पूर्ण विसंबलेला आणि दुसरा त्याच्याशी जुगार खेळणारा. धूळवाफवाल्याला रोपलागणवाला आळशी म्हणतो, आणि तो याला चिखलातला म्हणतो. दोघांच्या मध्ये फार तर वीस-पंचवीस किलोमीटर.

माझी आत्या आमच्या गावातून बैलहोंगलच्या पलीकडं दिली. त्या काळात हे जरा विचित्रच मानलं गेलं, कारण आमच्याकडच्या मुली खानापूर, चंदगड, फार तर बेळगावच्या आसपास द्यायचे. आत्यांचे यजमान रेल्वेत होते, म्हणून घरच्यांनी 'पगारदार आहे' म्हणून डोळे मिटले. घर मात्र शेतीचं, आणि सासू शेतावर राहणारी.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात आत्यांनी सवयीनं पावसाळ्याची बेगमी सुरू केली. आमच्याकडं मे महिना म्हणजे हाच उद्योग. चार महिने पुरतील इतकी लाकडं फोडून परसात आडोशाला रचायची, शेण्या माळ्यावर चढवायच्या, मीठ-मिरची, सुकी मासळी भरून ठेवायची, पश्चिमेच्या भिंतीला गवताचे तट्टे बांधायचे. कारण एकदा जूनचा दुसरा आठवडा लागला की वाळलेलं म्हणून काही हाताला लागत नाही. तर आत्या पदर खोचून लाकडं रचतायत आणि सासूबाई ओट्यावर बसून बघतायत. तीन-चार दिवस त्यांनी बघितलं. मग विचारलं, "लग्न काढलंयस काय गं कुणाचं?" कार्याशिवाय एवढी लाकडं कुणी साठवतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. जून आला, गेला. आभाळ यायचं, दोन तास पडायचं, ऊन पडायचं. लाकडाचा ढीग पुढच्या संक्रांतीपर्यंत पुरला आणि गल्लीतल्या बायका त्याला 'खानापूरचा डेपो' म्हणायला लागल्या.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आत्यांना झोप लागली नाही. वर सपाट मातीचं छप्पर, पाणी जाणार कुठं? त्यांनी नवऱ्याला दोनदा उठवलं. तो म्हणाला, पांढरी माती आहे, धरते पाणी, झोप. पहाटे एका कोपऱ्यात टपटप लागली तेव्हा त्यांना आपलंच खरं झाल्यासारखं वाटलं, असं त्या हसत सांगतात. सकाळी सासूबाई शिडी लावून वर गेल्या, पायानं माती दाबली, दोन टोपल्या नवी माती टाकली आणि खाली आल्या. संपलं.

आणि भाकरी. आत्यांच्या हाताला भात आणि नाचण्याची भाकरी यायची. जोंधळ्याचं पीठ त्यांच्या काठवटीत फुटायचं, कडा चिरायच्या. सासूबाईंनी त्यांना पीठ चिमटीत धरून विरी ओळखायला शिकवली, आधणाचं पाणी कधी नि किती घालायचं ते शिकवलं. पातळ थापून, तव्यावरून उतरवून, पुढं पापडासारखी वाळवून महिनाभर ठेवायची कडक भाकरी तर आमच्या गावात कुणाच्या कल्पनेतही नव्हती. आमच्याकडं वाळवलेल्या कुठल्याही गोष्टीला चार दिवसांत बुरशी. त्या घरात भात व्हायचा, पण सणाला किंवा कुणाला ताप आला तर. आत्या रोज भाताची आठवण काढायच्या म्हणून दीर विचारायचा, "वहिनी, बरं नाही काय?"

प्रदेश कुठं संपतो, याबद्दल मी जे काही वाचलं त्यापेक्षा या गोष्टीतून मला जास्त उलगडलं. आत्यांची हुशारी कमी झाली नव्हती. लाकूड रचण्यात, तट्टा विणण्यात त्यांचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. पण त्या गावाला त्याची गरज नव्हती. माझ्या मते एका मुलखातून दुसऱ्यात गेल्याची एवढी एकच भरवशाची खूण आहे: आपल्याला जे उत्तम येतं ते तिथं फुकट जातं, आणि तिथल्या शेंबड्या पोराला येतं ते आपल्याला येत नाही. आत्या स्वतः हे आणखी थोडक्यात सांगतात. "आमच्यात पाऊस आला की माणसं आत पळतात. हितं पाऊस आला की बाहेर येतात बघायला."

ही खूण नकाशात घालता येत नाही. नकाशावाल्यांची अडचण मला कळते. पण त्यांनी काढलेल्या हद्दी बघितल्या की कधी कधी हसू येतं. इंग्रजांनी आमच्या या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हटलं, आणि १८८० च्या दशकात बेळगावला आलेल्या आगगाडीच्या कंपनीचं नावही सदर्न मराठा रेल्वे. पुढं कर्नाटकाच्या एकीकरणानंतर आम्ही मुंबई कर्नाटक झालो. २०२१ मध्ये ते नाव पुसून कित्तूर कर्नाटक आलं. बाकी मराठी वर्तमानपत्रांसाठी आम्ही सीमाभाग होतो तसेच आहोत. माळवद, पाखी, पिंजर, कडबा, कशालाच या नामांतरांची खबर लागली नाही.

गंमत अशी की राजे, कवी आणि पुढारी यांचा प्रदेश नेहमी फुगत जातो. नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथानं कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला. आमच्या बाजूचे नकाशे कारवारला काळी नदीपर्यंत जातात. कोकण रेल्वेनं तर कोकण रोह्यापासून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत नेलं. आणि जांबोटीतला हॉटेलवाला? तो आपल्या दारात आलेलं कोकण नको म्हणून पुढं सरकवतो. ज्याला त्या मुलखात राहायचं नसतं तो हद्द वाढवतो. राहणाऱ्याला तिचा पाऊस, चिखल, जळवा ठाऊक असतात, त्यामुळं तो ती शेजारच्या गावाच्या गळ्यात घालतो. मला हा हॉटेलवाला जास्त विश्वासाचा वाटतो.

शेतीखात्यानं मात्र एक बरं काम केलं आहे. कर्नाटकाचे हवामान आणि पिकांप्रमाणे दहा विभाग पाडलेत, त्यांतले तीन एकट्या आमच्या जिल्ह्यात येतात. खानापूर डोंगरी विभागात. अथणी, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग उत्तरेच्या कोरड्या विभागात. आणि बेळगाव, बैलहोंगल वगैरे मधला पट्टा, त्याला नाव दिलंय संक्रमण विभाग. एक संपतं आणि दुसरं सुरू होतं त्या जागेला जाडी असते, आणि त्या जाडीत शहरं, तालुके, लाखो माणसं मावतात, हे सरकारी कागदावर छापून आलेलं पाहून मला फार बरं वाटलं होतं.

पण विभाग पाडताना माप घेतलं तालुक्याचं, आणि तिथं घोळ झाला. खानापूर तालुका सगळाच डोंगरी नाही. पूर्वेला इटगी, पारिश्वाड, बिडी, कक्केरीकडं जा. डोंगर मागं राहतो, जमीन काळसर होत जाते, बोलणं कन्नड होतं, घरातली भाकरी जोंधळ्याची. कणकुंबीत छत्री उलटी होत असते तेव्हा इकडं पोरं क्रिकेट खेळत असतात. माझ्या एका वर्गमित्राचं रान त्या बाजूला आहे. एका वर्षी पाऊस ओढला आणि सोयाबीन फुलात असतानाच वाळलं. तो अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला, तर टेबलामागच्या साहेबांनी कागद न उघडता सांगितलं, "अहो, तुमचा तालुका अतिवृष्टीत आहे." मित्र म्हणाला, साहेब, अतिवृष्टी चाळीस किलोमीटरवर झालीय. साहेब म्हणाले, तालुका तोच ना. अतिवृष्टीच्या तालुक्यात दुष्काळात बसलेला माणूस कुठल्या रकान्यात घालायचा, याचं उत्तर त्या टेबलावर नव्हतं. अर्ज परत आला.

खडकाकडं वळावं म्हटलं, तर तो तरी सरळ असेल असं वाटतं. सह्याद्रीचा काळा कातळ, लाव्हाचा, महाराष्ट्रभर पसरलेला, तो दक्षिणेला बेळगावच्या आसपास संपत येतो. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली पडतो तो कातळ वेगळाच, फार जुन्या वालुकाश्माचा. म्हणजे दख्खनच्या दगडी अंगरख्याचं टोक आमच्याच जिल्ह्यात. पण तेही सलग नाही, एखादा डोंगर इकडचा, एखादा तिकडचा, मध्ये जांभ्याची टोपी. भूगर्भवाल्यांनाही बोट घुटमळतच फिरवावं लागत असणार.

एकच रेषा खरोखर धारदार आहे, आणि ती पाण्याची. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथून पूर्वेला खानापूर, मग सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराजवळून, तीनशेच्या वर किलोमीटर चालून कूडलसंगमला कृष्णेत मिळते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हादई त्याच खानापूर तालुक्यात देगावकडं उगम पावते, पश्चिमेला उडी घेते, गोव्यात मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. दोघींच्या मधला पाणलोटाचा कणा डोळ्यांत भरेल असा मुळीच नाही. कणकुंबीच्या रानात चालताना आपण एका समुद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलो, हे पायांना कळतसुद्धा नाही. पाण्याला कळतं. त्याला तिथं संक्रमण विभाग वगैरे नाही; थेंब इकडं पडला तर इकडं, तिकडं पडला तर तिकडं.

आणि नेमकी हीच रेषा ओलांडण्यावरून भांडण. कळसा आणि भंडुरा हे म्हादईच्या खोऱ्यातले नाले. त्यांचं पाणी कणा ओलांडून मलप्रभेत आणायचं, म्हणजे हुबळी-धारवाडला प्यायला मिळेल, हे कर्नाटकाचं म्हणणं. खोऱ्याचं पाणी खोऱ्याबाहेर न्यायचं नाही, हे गोव्याचं. कणकुंबीत कालव्याचं खोदकामही झालं. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यांतलं ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. तिन्ही राज्यं त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली. निसर्गानं साऱ्या मुलखात एकच हद्द स्वच्छ आखून दिली होती, तीवर वकील लागले.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला माझा एक मित्र आहे. म्हादई त्याच्या बागायतीला लागून वाहते, त्यामुळं या विषयावर त्याच्याशी शांतपणे बोलता येत नाही. मागं फोनवर त्यानं मला ठणकावून सांगितलं, कोकण कुठं संपतं याचा एवढा घोळ कशाला घालतोस, पाणलोटापर्यंत कोकण, पाणलोटापलीकडं तुम्ही. मला हे एकदम पटलं, म्हणून मी हिशेब करून बघितला. सुर्ला गाव घाटमाथ्यावर आमच्या शेजारी, पण गोव्यात आणि पाणी म्हादईचं. ठीक, ते कोकण. बेळगावचे लोक शनिवारी 'गोव्याला' म्हणून सुर्ल्यापर्यंतच जाऊन बसतात, त्यांना ओहोळाचं पाणी कुठं जातं याच्याशी कर्तव्य नसतं. पण मग देगाव, गवाळी? वर डोंगरात, खानापूर तालुक्यात, बोली मराठी, रेशनकार्ड कर्नाटकाचं, पावसाळ्यात नाले भरले की आजारी माणूस खांद्यावर घालून बाहेर आणायचा. त्यांचंही पाणी म्हादईलाच जातं. म्हणजे तुझ्या नियमानं ती गावं कोकणात आली, मी म्हणालो, आणि तिथल्या माणसांना कोकणात राहता असं सांगितलंस तर ती तुला काठी घेऊन घाटाखाली सोडायला येतील.

पलीकडं तो थोडा वेळ गप्प होता.

"बरं," तो म्हणाला, "गावं तुमच्यातच ठेवा. पाणी तेवढं खाली सोडा."